लायब्ररीतून ऐकायच्या नव्या कादंबऱ्या: आधी आवाज सांगा, मग पुस्तक

कर्णफुले

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या एका गावच्या सार्वजनिक लायब्ररीत मी डेस्कवर बसते, त्याला आता सात वर्षं होतील. पुस्तकं द्यायची-घ्यायची, अडकलेला प्रिंटर मोकळा करायचा आणि "काहीतरी छान ऐकायला सुचवा" म्हणणाऱ्यांना ऑडिओबुक शोधून द्यायचं, हे माझं काम. त्यातलं शेवटचं मला सगळ्यात प्रिय. लायब्ररीच्या कार्डावर ऑडिओबुक फोनवर फुकट ऐकता येतं. इथले बरेच अमेरिकावासी सभासद ते कार्ड पाकिटात घेऊन फिरतात आणि तरी ऑडिओबुकसाठी दरमहा पैसे भरतात, म्हणून हा धागा काढतेय.

पहिली काही वर्षं मी पुस्तक सुचवत असे. कथा काय, लेखक कोण, बक्षीस कुठलं. एकदा नेहमी येणाऱ्या एका मराठी गृहस्थांना भारतात घडणारी, खूप नावाजलेली कादंबरी दिली. ते रोज दीड तास गाडी चालवतात. दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणाले, "अहो, वाचणाऱ्याला 'ताई' म्हणता येत नाही. दर दोन मिनिटांनी 'टाय', 'टाय'. मी गाडीत एकटा चिडत बसलो होतो." पुस्तक उत्तमच होतं. मी छापील वाचलं होतं, ऐकलं मात्र नव्हतं. त्या दिवसापासून निदान पहिला तास स्वतः ऐकल्याशिवाय मी कुणाला ऑडिओबुक देत नाही.

छापील पानावर कंटाळवाणा परिच्छेद आला की डोळा सरळ खाली उतरतो. कानाला ती सोय नाही. वाचणारा नेईल त्या वेगाने, तो थांबेल तिथे थांबत जावं लागतं. दहा-वीस तास एका माणसाच्या संगतीत काढायचे असतील तर तो माणूस कोण, हे आधी कळायला हवं. म्हणून मी पहिला प्रश्न विचारते, ऐकताना हात कशात असतात? स्टिअरिंगवर, भांड्यांत, की झोप लागत नाही म्हणून पांघरुणात? मग आवाज शोधते, आणि त्या आवाजातलं पुस्तक.

सध्या मी सगळ्यात जास्त देतेय ते पर्सिव्हल एव्हरेटचं 'जेम्स' (२०२४), आवाज डॉमिनिक हॉफमन. मार्क ट्वेनच्या हकलबरी फिनमधला गुलाम जिम इथे स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो. यातली गुलाम माणसं आपसात स्वच्छ, शिकलेलं इंग्रजी बोलतात. गोरा माणूस जवळ आला की मुद्दाम मोडकंतोडकं बोलतात, कारण त्याला तेच ऐकायची सवय असते आणि यांचा जीव त्यावर अवलंबून असतो. सुरुवातीलाच जेम्स लहान मुलांना समोर बसवून हे मोडकं बोलणं शिकवतो. पानावर हा फरक स्पेलिंगमधून कळतो. हॉफमनच्या तोंडून तो अंगावर येतो, एका श्वासात भाषा खाली बसते आणि धोका टळला की परत उभी राहते. ऐकून आठ तासांच्या आत होतं. २०२४चं नॅशनल बुक अवॉर्ड आणि २०२५चं पुलित्झर मिळालंय, पण ते मी डेस्कवर शेवटी सांगते.

स्वयंपाकघरातल्या कामांसाठी ॲन पॅचेटचं 'टॉम लेक' (२०२३), वाचलंय नटी मेरिल स्ट्रीपने. उत्तर मिशिगनमधली चेरीची बाग, २०२०चा कोविडचा उन्हाळा, मजूर मिळत नाहीत म्हणून तीन मोठ्या मुली आईबरोबर चेरी तोडतायत आणि "तुझ्या त्या नटाबद्दल सांग ना" म्हणून तिच्या मागे लागल्यात. आई तरुणपणी नाटकात काम करत असे. हाताने फळं तोडत सांगितलेली गोष्ट आपणही हाताने काहीतरी निवडत, सोलत ऐकावी. मी ती दोन संध्याकाळी मटार सोलत आणि उरलेली कपड्यांच्या घड्या घालत ऐकली.

तिसरं 'द कव्हेनंट ऑफ वॉटर' (२०२३). लेखक अब्राहम वर्गीस, वाचणारेही तेच. केरळमधलं ख्रिस्ती कुटुंब, १९०० साली बारा वर्षांच्या मुलीच्या लग्नापासून पुढे तीन पिढ्या. लेखकाने स्वतः वाचलेल्या कादंबऱ्यांपासून मी साधारणपणे लांब असते, कारण लिहिणं आणि वाचून दाखवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. इथे माझं मत बदललं. वर्गीसांच्या आईने नातीसाठी घराण्याच्या आठवणी वहीत लिहून ठेवल्या होत्या, त्यातून ही कादंबरी उगवली. वाचताना 'अम्माची' हा आईसाठीचा मल्याळम शब्द त्यांच्या तोंडी घरातला म्हणून येतो, शिकून घेतलेला वाटत नाही. लांबी मात्र ३१ तासांहून जास्त.

ही मी सांगलीकडच्या एका काकूंना दिली. लेकीकडे आल्या आहेत, नातवाला गोष्टींच्या तासाला घेऊन येतात. "इंग्रजी वाचायला लागलं की माझी गाडी हळू चालते, ऐकलेलं मात्र सगळं कळतं," असं पहिल्याच दिवशी म्हणाल्या. फोनवर ॲप टाकून दिलं, स्वतः कानाला लावून पाहिलं. एकवीस दिवसांनी पुस्तक आपोआप परत गेलं आणि त्यांचे सहा तास राहिले. पुढे रांग. डेस्कवर येऊन म्हणाल्या, "अगं, ती बाई तिथं स्वयंपाकघरात उभी हाय आणि मी तिला तशीच सोडून आलेय." आता त्यांचा नंबर अकरावा आहे.

तुम्ही काय ऐकलंत, कुणाच्या आवाजात आणि काय करता करता, तेही लिहा. नुसतं नाव नको.

सह्यकडा

उत्तम धागा. मी पहाटे धावताना ऐकतो. बार्बरा किंगसॉल्व्हरची 'डेमन कॉपरहेड' (२०२२), आवाज चार्ली थर्स्टन. डिकन्सचा डेव्हिड कॉपरफिल्ड उचलून व्हर्जिनियातल्या ली काउंटीत आणलाय. आई व्यसनी, पोरगा सांभाळायला दिलेल्या एका परक्या घरातून दुसऱ्यात, आणि सगळीकडे वेदनाशामक गोळ्यांचा पूर आलेला. थर्स्टन त्या डोंगराळ भागाच्या हेलात वाचतो. आपल्या कानाला पहिला तास अवघड जातो, मी पहिलं प्रकरण तीनदा ऐकलं. नंतर मात्र तो पोरगा माझ्या शेजारून धावतोय असं वाटायचं. २१ तासांचं आहे. एका ठिकाणी मला थांबून कठड्यावर बसावं लागलं, कुठे ते सांगत नाही. घरात व्यसनाचा अनुभव असलेल्यांनी जपून ऐकावं.

वाटसरू

'जेम्स' तुमच्याच सांगण्यावरून कालपासून ऐकतोय. मुलांना मोडकं बोलायला शिकवायचा प्रसंग आला आणि मी गाडी बाजूला घेतली.

मी यवतमाळकडचा. पुण्यात हॉस्टेलला आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात माझ्या "काऊन" आणि "करून राहिलो" वर पोरं हसली. त्यानंतर चार वर्षं मी खोलीत एक मराठी बोललो आणि आईशी फोनवर दुसरी. फोन करायला जिन्यात जायचो, म्हणजे कुणी ऐकू नये. माझ्या जिवाला धोका नव्हता, गुलामीशी याची तुलना मी करणारच नाही. पण एका तोंडात दोन भाषा ठेवून जगताना घसा कसा आवळतो ते मला माहीत आहे, आणि हॉफमनच्या वाचनात तो आवळलेला घसा मला ऐकू आला. छापील वाचली असती तर इतकी लागली नसती.

कर्णफुले

वाटसरू, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मला तो प्रसंग नुसता कौशल्याचा वाटला होता. आता पुन्हा ऐकेन.

चारोळी

भारतीय नावं नीट घेणारे वाचक कोण, याची एक यादीच करूया का? माझ्याकडून दीप्ती गुप्ता. पारिनी श्रॉफची 'द बँडिट क्वीन्स' (२०२३) तिने वाचलीय. गुजरातमधलं खेडं, बचतगटाच्या कर्जावर चालणाऱ्या बायका. गीताचा नवरा निघून गेलाय, पण गाव समजतं की तिनेच त्याला संपवला. मग एकेक बाई दबक्या आवाजात तिच्याकडे येते, "माझ्या नवऱ्याचं पण बघ ना." विषय भीषण आहे, तरी मी कणीक मळता मळता हसत होते. बायकांची आपसातली भांडणं दीप्ती गुप्ता अशी वाचते की कोण बोलतंय ते नाव न घेता कळतं.

कर्णफुले

यादी जरूर करू. माझ्याकडून दोन नावं. सोनीला नानकानीने वाचलेली सुजाता मॅसीची 'द विडोज ऑफ मलबार हिल'. २०१८ची आहे, पण मालिकेची सुरुवात तीच. १९२१ची मुंबई, पर्वीन मिस्त्री ही पारशी वकील, पडद्यातल्या तीन विधवा आणि एक खून. पर्वीनमागे खरी प्रेरणा कॉर्नेलिया सोराबजींची, त्यांचा जन्म नाशिकचा. हे डेस्कवर सांगितलं की आपली माणसं लगेच घेऊन जातात.

दुसरा विदीश आठवले. दीप्ती कपूरची 'एज ऑफ व्हाइस' (२०२३) त्याने वाचलीय. मध्यरात्रीची दिल्ली, फुटपाथवर झोपलेल्या पाच जणांना उडवणारी मर्सिडीज आणि गुन्हा अंगावर घेणारा नोकर अजय. दिल्लीच्या गल्लीतलं, लखनौकडचं, विदेशात शिकून आलेल्या श्रीमंत पोराचं, अशी वेगवेगळी इंग्रजी तो वेगळी ठेवतो. हिंसा खूप आहे, झोपताना लावू नका.

मधला_डबा

एक प्रामाणिक प्रश्न. मी सगळं दीडपट वेगाने ऐकते. दोन लहान मुलं, नोकरी, मला दिवसाचा जेमतेम एक तास मिळतो. आवाज, विराम वगैरे सगळं खरं, पण दीडपट केलं नाही तर वर्षात फारच कमी पुस्तकं होतील. हे चूक आहे का?

निळी_छत्री

चूक नाही, पण मग वाचणाऱ्याचं निम्मं काम तुम्ही ऐकतच नाही. आमच्याकडे शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकरांच्या कथाकथनाच्या कॅसेट होत्या. मिरासदार कुठे थांबतात ते आम्हाला पाठ होतं, त्या थांबण्यावरच हशा येई. दीडपट लावले असते तर काय उरलं असतं?

मधला_डबा

मिरासदार दीडपट मीही ऐकणार नाही. पण तीनशे पानांची रहस्यकथा आणि कथाकथन एक नाही. आणि काही वाचणारे खरंच फार सावकाश वाचतात.

कर्णफुले

मधला_डबा, मुळीच चूक नाही. एक तास मिळतो त्यात तुम्ही पुस्तक ऐकता, याचं मला कौतुक आहे. फक्त पुस्तक बघून वेग ठरवा. लिझ मूरची 'द गॉड ऑफ द वुड्स' (२०२४), आवाज सास्किया मार्लेवेल्ड, ही मी स्वतः सव्वापट ऐकली आणि काही बिघडलं नाही. १९७५चा उन्हाळी कॅम्प, सकाळी एका मुलीचं अंथरूण रिकामं, आणि तिचा भाऊही काही वर्षांपूर्वी असाच नाहीसा झालेला. काळ सारखा मागेपुढे होतो, म्हणून प्रकरणाच्या सुरुवातीची साल-तारीख तेवढी लक्ष देऊन ऐका. 'जेम्स' मात्र आहे त्याच वेगाने, कृपया.

रातराणी

मी पुण्याची. वडील ७९ वर्षांचे, डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने वाचन गेलं. आयुष्यभर रोज रात्री वाचणारा माणूस, आता दिवाणावर नुसता बसून असतो. इंग्रजी-मराठी दोन्ही वाचायचे. तुमच्या त्या अमेरिकन लायब्ररीच्या ॲपचा आम्हाला उपयोग नाही, पण काही मार्ग असेल तर सांगाल का? मी रोज थोडं वाचून दाखवते, पण अर्ध्या तासात माझा आवाज बसतो.

कर्णफुले

रातराणी, मार्ग आहे. भारतात 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, ते 'डेझी फोरम ऑफ इंडिया' या, अंधांसाठी पुस्तकं तयार करणाऱ्या संस्थांच्या संघाबरोबर उभं आहे. ज्यांना छापील वाचता येत नाही त्यांच्यासाठीच आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला लागतो. बाबांच्या नेत्रतज्ज्ञांकडून तो आधी घ्या. भारतीय भाषांतली पुस्तकंही आहेत. हे होऊ शकलं कारण अंधांसाठी पुस्तकाची प्रत करायला कॉपीराइट आड येऊ नये, असा माराकेश करार २०१३ साली झाला आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ साली.

एक सावधगिरी. तिथली काही पुस्तकं माणसाने वाचलेली असतात आणि काही नुसता मजकूर, जो फोन यंत्राच्या आवाजात वाचतो. पहिलं पुस्तक माणसाच्या आवाजातलंच निवडा. पहिल्याच दिवशी यंत्र ऐकलं तर बाबा "नको" म्हणतील आणि पुन्हा हात लावणार नाहीत.

अमेरिकेतल्या सभासदांसाठीही सांगते. इथे आईवडील राहत असतील आणि त्यांना नीट दिसत नसेल, किंवा कंपवातामुळे पुस्तक धरवत नसेल, तर लायब्ररी ऑफ काँग्रेसची अंध आणि छापील वाचू न शकणाऱ्यांसाठीची सेवा आहे. १९३१च्या कायद्याने सुरू झाली, १९३४ पासून बोलती पुस्तकं देते. ऐकायचं यंत्र आणि पुस्तकं फुकट, टपालखर्चही नाही. तुमच्या गावच्या लायब्ररीत अर्ज मागा.

रातराणी

खूप खूप आभार. उद्याच दाखल्याचं बघते.

निळी_छत्री

मेरिल स्ट्रीपबद्दल माझं मत वेगळं आहे. मी 'टॉम लेक' अर्धी सोडली. मला ती गोष्ट सांगणारी आई, लारा, ऐकूच येईना, सतत स्ट्रीपच दिसत होती. नावाजलेल्या नटांपेक्षा ज्यांचा चेहरा माहीत नाही ते वाचणारे मला बरे वाटतात.

आणि सगळ्यांत अवघड गेली जॉर्ज सॉन्डर्सची, कब्रस्तानातल्या मृतांच्या आत्म्यांनी सांगितलेली 'लिंकन इन द बार्डो'. १६६ आवाज! कोण जिवंत, कोण मेलेलं, कळेना.

कर्णफुले

स्ट्रीपबद्दल तुमचं म्हणणं समजतं. माझं एवढंच की लारा स्वतः नटी होती आणि तीन मुलींसमोर ती आठवण सादरच करतेय. काय सांगायचं, काय गाळायचं हे ती ठरवत असते, आणि स्ट्रीप त्या गाळलेल्या जागा ऐकवते. तरी आवाज नाही रुचला तर सोडून द्यावं.

'लिंकन इन द बार्डो'साठी लायब्ररीतून छापील प्रतही घ्या. पहिला अर्धा तास पान समोर ठेवून ऐका. ते आत्मे ओळखीचे झाले की पुस्तक मिटा. मी असं बारा-तेरा जणांना सांगितलंय, त्यातल्या बहुतेकांनी पूर्ण केली.

सह्यकडा

माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला अँडी वीअरची 'प्रोजेक्ट हेल मेरी' (२०२१) लावून दिली, आवाज रे पोर्टर. परग्रहावरचा जीव सुरांमध्ये बोलतो आणि ऑडिओत ते सूर खरोखर वाजतात. पुस्तकाला हात न लावणारा मुलगा १६ तास ऐकत होता, शेवटी तर भांडी घासायला स्वतःहून उठला, कारण तेव्हाच कानात लावायची परवानगी होती.

मधला_डबा

रांगेचं काय करायचं? मी 'जेम्स' लावलं तर चौदा आठवडे दाखवतंय. फाइलला रांग का असावी?

कर्णफुले

लायब्ररी एक परवाना विकत घेते तेव्हा एका वेळी एकच जण ऐकू शकतो. बरेच परवाने दोन वर्षांनी संपतात, मग तेच पुस्तक पुन्हा विकत घ्यावं लागतं. रांग वाढली की आम्ही आणखी परवाने घेतो, म्हणून रांग लांब दिसली तरी नाव जरूर लावा. तुमचं नाव हीच आमच्यासाठी मागणी. लायब्ररीच्या कार्डावर चालणाऱ्या लिबी ॲपमध्ये नंबर आला आणि वेळ नसेल तर 'नंतर पाठवा' करता येतं, नंबर जात नाही. हूपला हे तसंच दुसरं ॲप तुमच्या लायब्ररीत असेल तर त्यात रांग नसते, फक्त महिन्याला किती घ्यायची याला मर्यादा असते.

आणि लिबीत वाचणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं की त्याने वाचलेली, तुमच्या लायब्ररीत असलेली सगळी पुस्तकं समोर येतात. आवाज आवडला तर तिथून पुढे जा, बहुतेक वेळा रांग नसलेलं काहीतरी चांगलं सापडतं. नवीन नावांसाठी अमेरिकन ग्रंथपालांच्या संघटनेची 'लिसन लिस्ट' बघा. दरवर्षी येते आणि तीत वाचनालाच महत्त्व असतं.

चारोळी

यंत्राच्या आवाजातली ऑडिओबुकं आता सगळीकडे दिसायला लागलीत. लायब्ररीत तुम्ही देता का?

कर्णफुले

दुसरा कुठलाच मार्ग नसेल, तर ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी यंत्राचा आवाज मोलाचा आहे. पण कादंबरी सुचवताना माझ्या यादीत तो नसतो. 'जेम्स'मधला मोडकं बोलणारा आणि नीट बोलणारा माणूस एकच आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं आणि ते तो सांभाळतो. मी ऐकलेल्या यंत्रांना अजून ते जमलेलं नाही. तुम्ही पुस्तक घेताना वाचणाऱ्याचं नाव बघत जा. नाव दिसलं नाही तर नमुना ऐकल्याशिवाय घेऊ नका.

रातराणी

तीन आठवड्यांनी लिहितेय. दाखला मिळाला, नोंदणी झाली. माणसाच्या आवाजातलं मराठी पुस्तक आधी लावलं. पहिल्या दिवशी बाबा वीस मिनिटं ऐकून म्हणाले, "हा माणूस घाईत आहे." दुसरं लावलं, एका बाईंच्या आवाजातलं. काल रात्री साडेअकराला त्यांच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं म्हणून गेले, तर बाबा अंधारात बसून ऐकत होते. मला म्हणाले, "झोप तू. हे प्रकरण संपू दे."

कर्णफुले

रातराणी, हे वाचून डोळे भरून आले. त्या बाईंची आणखी पुस्तकं शोधा, बाबांना आवाज सापडलाय.

आणि सांगलीच्या काकूंचा नंबर मंगळवारी लागला. नातवाला गोष्टींच्या तासाला सोडलं आणि माझ्या डेस्कसमोरच्या खुर्चीवर बसून त्यांनी कानाला लावलं. तास संपला, नातू येऊन पदर ओढायला लागला, तर त्याला हाताने थांबवलं. जाताना "आता पाच तास राहिलेत" एवढंच म्हणाल्या. त्या मे महिन्यात सांगलीला परत जाणार आहेत, म्हणून मी त्यांच्यासाठी पुढचं शोधून ठेवतेय. वीस तासांच्या आतलं, घरातल्या माणसांचं, सावकाश वाचणाऱ्या बाईच्या आवाजातलं. कुणाला सुचलं तर इथेच लिहा.